ती रोमला, मी रस्त्यावर

मी एक जुना खडखड्या आहे. मित्रांनो, हसून घ्या. माझे नाव ऐकून सगळेच हसतात. घंटेचे नाव आपोलोनिया ठेवले तेव्हा मात्र कोणी हसले नव्हते. तिच्या नामकरणाला बिशप आले, त्यांनी तिला पवित्र तेल लावले आणि गावाने आलुबुखाराचा केक खाल्ला. मलाही तेल लावले, पण जवसाचे, आणि तेही माझी करकर थांबावी म्हणून. आता करकर हाच ज्याचा धंदा, त्याने यावर काय बोलावे?

दिसायला मी गळ्यात अडकवायच्या पेटीसारखा आहे. बाजूला एक लोखंडी दांडा आहे. तो फिरवला की पाच लाकडी हातोडे एकामागून एक उचलले जातात आणि फळीवर आपटतात. दगड भरलेली हातगाडी जिन्यावरून खाली सोडली तर जसा आवाज येईल, तसा माझा आवाज आहे. गावातल्या कोंबड्यांना त्याची अजून सवय झालेली नाही.

माझा जन्म आमच्या हेकेनशाइड गावात, माटियास सुताराच्या कारखान्यात झाला. नवी घंटा टांगायला त्याने ओकच्या लाकडाची भक्कम चौकट केली. उरलेल्या तुकड्यांपैकी मोठे तुकडे चुलीत गेले आणि लहान तुकड्यांचा मी झालो. म्हणजे आम्ही दोघे एकाच झाडाच्या आधाराने उभे आहोत. तिच्या वाट्याला त्या झाडाचे खांदे आले, माझ्या वाट्याला कोपरे. ही गोष्ट मी मनावर घेतलेली नाही. फक्त रोज आठवते.

आता आमच्याकडची रीत सांगतो. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ग्लोरिया हे गौरवगीत म्हणतात. ते चालू असताना घंटा शेवटची वाजते आणि मग मुकी होते. मुलांना सांगतात, घंटा उडून रोमला गेली. ईस्टरच्या मिस्सेत पुन्हा ग्लोरिया म्हटले की ती परत येते आणि इतकी कोकलते, की मोठी माणसेसुद्धा रुमाल शोधतात. मधल्या काळात सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी गल्लोगल्ली हिंडून प्रार्थनेची वेळ सांगायची ती मी. पाऊस असो, गारा असोत.

मित्रांनो, माझी जागा मनोऱ्यात, बरोबर घंटेच्या खाली आहे. ती कुठेही जात नाही! मी स्वतः पाहिले आहे. ती तिथेच लोंबकळत असते, तोंड खाली करून झोपलेली. न हलता तिला यात्रेचे पुण्य मिळते, आणि गल्ल्या तुडवून मला काय मिळते? ईस्टरच्या सकाळी मला ख्रिसमसच्या देखाव्यातल्या एककानी उंटामागे ढकलून देतात. त्या उंटाला निदान वर्षातून एकदा कापूस तरी लावतात.

माझे चांगले दिवसही होते. मोठ्या युद्धात सरकारने आपोलोनियाला उतरवून नेले, तोफांसाठी वितळवायला. सगळे गाव रडले. खोटे कशाला सांगू, मी रडलो नाही. गावात मोठी मुले उरली नव्हती, आणि मुलींनी मला हात लावायचा नाही असा नियम होता. पण ओटिली नावाच्या एका मुलीने मला सरळ उचलून गळ्यात अडकवले. ती तेव्हा माझ्यापेक्षा फार उंच नव्हती. तिच्या तळहातांना फोड आले, तरी ती मला रोज फिरवी. हंसाची चरबी लावून माझे हातोडे मऊ ठेवी. "चल रे माझ्या बडबड्या," असे म्हणे. कोणी मला काही म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती.

युद्ध संपले. एके दुपारी बेकरीसमोरच्या अक्रोडाखाली ओटिली मला फिरवत होती. तेवढ्यात वळणावर एक ट्रक दिसला. त्यात आपोलोनिया होती. दूरच्या बंदरातल्या कुठल्याशा आवारात ती न वितळता पडून राहिली होती. मी म्हणालोच ना, आळस तिच्या अंगी लागतो! ओटिलीने एक किंकाळी फोडली, मला रस्त्यावर टाकले आणि ट्रकमागे धावत सुटली.

माझा पाचवा हातोडा तिथे मोडला. नंतर कोणीतरी त्या जागी पाइनचा हातोडा बसवला. तेव्हापासून माझा आवाज टक, टक, टक, टक, ठप असा येतो.

पुढची वर्षे काही सांगण्यासारखी नाहीत. पूर्वी आमच्या गावाला स्वतःचे फादर होते. मग ते शेजारच्या गावाबरोबर वाटून घ्यावे लागले. मग तीन गावांत, मग पाच गावांत. आता फादर विनफ्रीड झेंडर यांच्याकडे सात गावांची सात चर्चे आहेत. त्यांना गुडघे मात्र दोनच, आणि तेही दुखरे. मिस्सा संपवून ते गाडीत बसतात, तेव्हा अर्धा झगा दाराबाहेर लोंबत असतो. ते येत नाहीत त्या रविवारी ओटिलीची मुलगी हिल्डेगुंड बायबल वाचते, प्रार्थना सांगते आणि चर्चची किल्लीही सांभाळते. धर्मप्रांताने तिला रीतसर प्रशिक्षण दिले आहे. मिस्सा तिला करता येत नाही, बाकी छप्पर गळण्यापासून सगळे तीच बघते.

वेदीसेवकांचीही तीच गत. फादरांच्या हाताखाली मेणबत्त्या धरणारी, मला फिरवणारी मुले म्हणजे वेदीसेवक. आमच्याकडे दोन आहेत, आल्विन आणि क्लेमेन्स. दोघे सख्खे भाऊ. लहानपणी लागले, पुढे त्यांच्या जागी कोणी आलेच नाही, म्हणून अजून चालू आहेत. आल्विनला आता नातू आहे. क्लेमेन्सला कवळी आहे. झगे तेच आहेत, गुडघ्यापर्यंत येतात. गुड फ्रायडेला मला घेऊन दारोदार जातात आणि रिवाजाप्रमाणे अंडी मागतात. लोक देतात. डॉक्टरांनी दोघांनाही अंडी बंद केली आहेत, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

आणि मग ती वसंत ऋतूतली चूक झाली.

सात गावे आणि ईस्टरची एकच रात्र. फादरांनी वेळापत्रक लावले. पवित्र गुरुवारची मिस्सा हेकेनशाइडला, ईस्टरची मिस्सा ब्रुखवाइलरला. ब्रुखवाइलर म्हणजे आमच्यातले त्यातल्या त्यात मोठे गाव, तिथे चर्चला गरम पाण्याचे नळ आहेत. वेळापत्रक सगळ्यांनी पाहिले, कोणाच्या काही लक्षात आले नाही. गुरुवारी आमच्या चर्चमध्ये ग्लोरिया झाले, आपोलोनिया रोमला गेली. ईस्टरला सगळे गाव मोटारींत बसून ब्रुखवाइलरला गेले. तिथे ग्लोरिया झाले, तिथल्या घंटा परत आल्या.

ईस्टरच्या सकाळी हिल्डेगुंड रंगवलेल्या अंड्यांची टोपली घेऊन चर्चशी आली. क्लेमेन्स पायरीवर बसला होता. गळ्यात मी.

"अरे, अजून खडखड्या काय घेऊन बसलायस? घंटा वाजव ना!"

"कुठली घंटा?"

"कुठली म्हणजे? आपली!"

"ती रोमला आहे," क्लेमेन्स म्हणाला.

"क्लेमेन्स, सकाळी सकाळी घेतलीस का?"

"ग्लोरिया कुठे झालं इथे? फादरांनी जायचं तिकीट इथनं काढलं आणि परतीचं ब्रुखवाइलरचं. मग येईल कशी ती? काल तिथे उतरली असेल बिचारी, आणि बसली असेल गरम पाण्याने हात धूत."

हिल्डेगुंड हसली. मग तिने पाहिले की क्लेमेन्स हसत नाही. मागून आल्विन आला, तोही हसत नव्हता. दुपारपर्यंत सगळे गाव हसत नव्हते. तोट्यात गेलेले दुकान आधी बंद झाले होते, मग शाळा, मग बस. आता ईस्टरही. लोकांना राग कुठेतरी काढायचा होता, आणि तो त्यांनी घंटा न वाजवून काढला.

फादरांचा फोन आला. "वाजवा की! माझी परवानगी आहे."

"परवानगीचा प्रश्न नाही फादर," आल्विन अदबीने म्हणाला. "ती इथे नाहीच आहे."

मित्रांनो, मला जे वाटले ते मी शब्दांत सांगू शकत नाही, पण प्रयत्न करतो. टक, टक, टक, टक, ठप! ईस्टर झाला तरी मी कामावर! मे उजाडला, सफरचंदाची झाडे फुलली, मी कामावर! घंटेची वार्षिक तपासणी करणारा कारागीर शिडी घेऊन आला. क्लेमेन्सने त्याला दारातूनच परत पाठवले.

"ती बाहेरगावी गेलीय. आल्यावर कळवतो."

कारागिराने वर पाहिले. मनोऱ्याच्या झडपांतून आपोलोनियाची कड चांगली चमकत होती. "मग ते काय आहे?"

"ते तिचं घर," क्लेमेन्स म्हणाला.

एका रविवारी फादर स्वतः मिस्सेला आले. त्यांनी मोठ्याने ग्लोरिया सुरू केले. कोणी साथ दिली नाही. ऑर्गनवालीने हात मांडीवर ठेवले. फादरांनी सगळे गीत एकट्याने म्हटले, शेवटी शेवटी त्यांचा आवाज चिरकला. मिस्सेनंतर ते झगा काढता काढता म्हणाले, "झालं की नाही आता ग्लोरिया?"

"एकट्याने म्हटलं ते गाणं झालं," क्लेमेन्स म्हणाला. "ग्लोरिया गावानं म्हणायचं असतं."

"आणि गाव का म्हणत नाही?"

"आमचा ईस्टर व्हायचाय अजून."

"अरे, मी एक माणूस आहे! त्या रात्री सात ठिकाणी उगवू का? मी काय बटाटा आहे?" असे म्हणून फादर गाडीत बसले. झगा दारात अडकला, म्हणून त्यांना पुन्हा दार उघडावे लागले. रागात असे झाले की फार वाईट दिसते.

मी मात्र सुखात होतो. रात्री घंटेखाली बसून मी देवाची प्रार्थना करी, की हे प्रभो, पुरोहितांचा तुटवडा असाच वाढू दे. बारा गावांना एक फादर होऊ दे, वीस गावांना एक होऊ दे. आपोलोनियाला गंज चढू दे, फार नको, पाठीवर दिसेल एवढा. आणि वर पाहून म्हणे, काय बाई, कसं आहे रोम? ती उत्तर देत नसे. ती बोलत नाही, ती फक्त वाजते, आणि सध्या तेही नाही.

आणि तेव्हाच ओटिली आजारी पडली.

माझी ओटिली आता नव्वदी ओलांडलेली, चिमणीएवढी झालेली म्हातारी होती. तिचे घर बेकरीसमोर, अक्रोडाच्या झाडाजवळ. बेकरी बंद आहे, अक्रोड चालू आहे. तिने अन्न सोडले. डॉक्टर म्हणाले, आता तिला हवे ते द्या. हिल्डेगुंडने विचारले, "आई, काय देऊ? रव्याची खीर करू?"

"घंटा आली का गं?"

"नाही आई."

"मग खिरीचं काय घेऊन बसलीस?"

ती रोज विचारू लागली. हिल्डेगुंडला खोटे बोलता येईना. ती क्लेमेन्सकडे गेली. "माझी आई चाललीय रे. घंटा ऐकल्याशिवाय पाठवू का तिला? एकदा ओढ ती दोरी."

क्लेमेन्सने खाली पाहिले. कवळी इकडून तिकडे केली. "मी ओढीन गं. पण तुझ्या आईला कळेल ना, ग्लोरियाशिवाय ओढली म्हणून. लहानपणी असंच एकदा चुकून ओढली, तर काय कान पिळलेत तिनं माझे! अजून डावा मोठाय."

हे खरे होते. सगळे गाव फादरांवर चिडून अडून बसले होते, आणि त्या गावाला रीत शिकवणारी ओटिलीच होती. तिच्यासाठी रीत मोडावी, तर तिलाच ते चालले नसते. आणि गावाने ग्लोरिया म्हणावे, तर पहिला आवाज कोण काढणार? जो काढेल तो हरला, असे सगळ्यांना वाटत होते. हिल्डेगुंडला तर दोन्हीकडून बोलणी बसत होती. गाव म्हणे ती फादरांची, फादर म्हणत ती गावाची.

तिने फादरांना फोन केला. आजाऱ्याला शेवटचे तेल फक्त पुरोहितच लावू शकतात, त्यात हिल्डेगुंडचे काही चालत नाही. त्या दिवशी फादरांचे एका गावात लग्न होते, दुसऱ्या गावात दफन. वाटेत लग्नातले फूल कोटाला तसेच राहिले म्हणून दफनात लोक कुजबुजले. तिथून ते थेट ओटिलीकडे आले. जून महिना, दुपारची वेळ. खिडकी उघडी होती. फादरांनी तिच्या कपाळाला आणि हातांना तेल लावले. ज्या हातांना माझ्यामुळे फोड आले होते तेच हात.

बरोबर त्याच वेळी आल्विन मला घेऊन खिडकीखालून निघाला. दुपारची प्रार्थना. टक, टक, टक, टक, ठप.

ओटिलीने डोळे उघडले. "बडबड्या."

"काय म्हणालीस, आई?"

"माझा बडबड्या आहे तो. त्याचा पाचवा मीच मोडला." मग तिने फादरांकडे पाहिले. "फादर, तुम्ही दमलेले दिसता."

"दमलोय, आजी."

"जेवलात?"

"नाही."

"हिल्डे, त्यांना खीर दे. माझ्यासाठी रोज करून ठेवतेस ती." मग म्हणाली, "फादर, हे लोक गात नाहीत म्हणे."

"नाही गात."

"तुम्ही लहान तोंड करून विचारलं असेल. असं सुरू करतात, बघा!" आणि तिने गायला सुरुवात केली. जुन्या लॅटिनमध्ये, पडल्या पडल्या, जूनमध्ये, ईस्टरचे ग्लोरिया. आवाज फाटक्या कागदासारखा येत होता, सूर तर शेजारच्या खोलीत होता. पण ती गावातली सर्वांत मोठी बाई होती, आणि तिने सुरू केल्यावर गप्प राहण्याची हेकेनशाइडमध्ये कोणाची छाती नाही. हिल्डेगुंड रडत रडत गाऊ लागली. फादर खिरीचा चमचा हातात धरून गाऊ लागले. शेजारणीने कुंपणावरून साथ दिली, तिच्या नवऱ्याने गवत कापायचे यंत्र बंद केले. गावाने ग्लोरिया म्हटले.

मित्रांनो, तुम्हाला नियम माहीत आहे. ग्लोरिया सुरू झाले की खडखड्या थांबतो.

आल्विन खिडकीखाली उभा होता, मी त्याच्या हातात. तो गाता गाता एकदम दचकला, "क्लेमेन्स! दोरी!" असे ओरडला, आणि त्याने मला रस्त्यावर टाकले. त्याच अक्रोडाखाली. त्या वयात तो असा धावला, की झगा पतंगासारखा मागे उडत होता. मनोऱ्यात आता घंटेसाठी बटण आहे, पण दोघांचाही बटणावर विश्वास नाही. दोघे भाऊ दोरीला लटकले.

आणि आपोलोनिया परत आली.

मी धुळीत उलटा पडलो होतो आणि सगळे ऐकत होतो. मला म्हणायचे होते की ती बेसूर वाजली, गंजलेली वाजली. तशी ती वाजली नाही. इतकी सुंदर वाजली की मला तिचा आणखीच राग आला. लोक घराबाहेर आले. कोणी कोणाला मिठी मारली, कोणी रुमाल काढला. माझ्यावरून एक सायकल जाता जाता वाचली. मी मनात म्हटले, झाले. पुन्हा तेच. तोच ट्रक, तेच झाड, तोच मी.

वर खिडकीत ओटिली म्हणाली, "हिल्डे."

"काय आई? ऐकू येतेय ना घंटा?"

"येतेय गं, बहिरी नाही मी. खाली तो पडलाय ना, त्याला कुणीतरी उचला. मागच्या वेळी माझ्याकडून राहून गेलं."

फादर झेंडर स्वतः खाली आले. दुखऱ्या गुडघ्यांनी वाकले, कण्हले, मला उचलले आणि बाहीने माझी धूळ पुसली. मग काय करावे हे न सुचून त्यांनी माझा दांडा उलटा फिरवला. माझ्या पोटातून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी काढणार नाही. वरून ओटिलीच्या हसण्याचा आवाज आला. ती त्या आठवड्यात गेली. तिच्या दफनाला घंटा वाजली, आणि तिने आधीच बजावून ठेवल्याप्रमाणे मीही वाजलो. कोंबड्या उडाल्या.

खिरीच्या त्या वाडग्यावरच फादरांचे आणि हिल्डेगुंडचे पुढचे ठरले. आता ईस्टरची मिस्सा दरवर्षी वेगळ्या गावात होते. बाकीच्या सहा गावांचा एकेक माणूस तिथे हजर असतो, कानाला फोन लावून. ग्लोरियाचा पहिला सूर निघाला की सहाही जण आपापल्या मनोऱ्याकडे ओरडतात, "आली! आली! ओढ!" आणि सातही गावांच्या घंटा एकाच क्षणी घरी येतात. फादर म्हणतात, असे ग्लोरिया त्यांनी उभ्या जन्मात ऐकले नव्हते, आणि त्या आरडाओरड्यात ते ऐकूही येत नाही.

राहता राहिलो मी. चार गावांतले खडखडे कधीच जळणात गेले होते, म्हणून पवित्र गुरुवारपासून मी फादरांच्या गाडीत बसून गावोगाव जातो. पुढच्या सीटवर, पट्टा लावून. तेव्हा घंटा रोमला जाते असे जे म्हणतात, ते म्हणोत. मी मात्र खरोखर ब्रुखवाइलरला जाऊन आलो आहे, आणि तिथले गरम पाण्याचे नळ पाहून आलो आहे. परत आल्यावर मी हे तिला सविस्तर सांगितले. ती काही बोलली नाही. जळली असेल.

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादी आपोलोनिया असेल, आणि ती नसताना गल्ल्या तुडवणारे कोणीतरी असेल. घंटा वाजली की जरूर धावा. मी अडवणार नाही. फक्त हातात जे असेल ते आधी खाली ठेवा. टाकू नका.